पिस्टन आधी, बोअर नंतर!

दुधाच्या गाडीचे इंजिन बांधताना केसाच्या अर्ध्या जाडीचा हिशेब

केळघरचा घाट चढताना एका वळणावर मोटारसायकल उभी दिसली. दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन आणि शेजारी दगडावर डोक्याला हात लावून बसलेले दूधवाले. मी स्ट्रॉबेरीच्या बैठकीसाठी वर निघालो होतो. माणूस ओळखीचा, म्हणून थांबलो. किक मारून पाहिली तर ती हलेना. इंजिन जाम झाले होते.

"साहेब, इंजिन बांधून चार दिवस बी झाले न्हाईत," ते म्हणाले. "बोअर मारून आणलाय, पिस्टन नवा, रिंगा नव्या. तेल बी बरोबर हाय. मग असं का व्हावं?"

महाबळेश्वरच्या हॉटेलांना दूध घालायचा त्यांचा रोजचा रतीब. त्या दिवशी एक कॅन वर जाणाऱ्या टेंपोत चढवला. दुसऱ्या कॅनातले दूध दुपारपर्यंत नासले. ते दूध त्यांच्या एकट्याच्या गोठ्यातले नव्हते, वाडीतल्या अकरा घरांचे होते. दहा दिवसांनी पगार वाटताना त्या अकरा घरांना काय सांगायचे, हीच त्यांना जास्त काळजी.

पुढचे दोन दिवस गाडी बाजूला राहिली आणि वाद सुरू झाला. बोअर मारणारा म्हणाला, मी साईज बरोबर मारली आहे. दुकानदार म्हणाला, माझा पिस्टन चांगल्या कंपनीचा आहे. इंजिन बांधणारा म्हणाला, गाडी नवी असताना लोड घालून घाटात घातली, मी काय करू? गंमत अशी की तिघेही आपापल्या जागी खरे बोलत होते. पण पिस्टन आणि बोअर यांच्यामध्ये फट किती राहिली, हे तिघांपैकी एकानेही मोजले नव्हते.

शेतकरी बंधूंनो, शेतीच्या पानावर पिस्टनची गोष्ट कशाला, असे काहींना वाटेल. पण आपल्या जावळी खोऱ्यात डेअरीला दूध, बाजाराला भाजी, वाडीवर खताचे पोते आणि दवाखान्यात आजारी माणूस हे सगळे मोटारसायकलवरच जाते. बैलाच्या खुराला नाल मारताना आपण जवळ उभे राहून बघतो. इंजिन बांधताना मात्र गाडी सोडून चहाला जातो. ही सवय मोडावी म्हणून हा लेख.

फट हवी कशाला?

पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. तो ज्यात वर-खाली फिरतो तो बोअर बहुतेक प्रवासी गाड्यांत बिडाचा असतो. बाहेरून ब्लॉक ॲल्युमिनियमचा दिसला तरी आत बिडाची स्लीव्ह बसवलेली असते. तापल्यावर दोन्ही धातू फुगतात, पण सारखे फुगत नाहीत. पिस्टनचा धातू बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतो. शिवाय जाळ पिस्टनच्या डोक्यावरच होतो, त्यामुळे तो बोअरपेक्षा जास्त तापतो. बोअरला निदान बाहेरून वारा तरी लागतो.

हिशेब करून पाहा. पन्नास मिलिमीटरचा पिस्टन दीडशे अंशांनी तापला तर साधारण ०.१५ मिलिमीटर फुगतो. तेवढ्याच मापाचा बिडाचा बोअर शंभर अंशांनी तापला तर ०.०५ च्या आसपास फुगतो. म्हणूनच कारखान्यात पिस्टन सरळ नळकांड्यासारखा बनवत नाहीत. जाळाच्या बाजूला तो बारीक आणि खाली घेराला मोठा ठेवतात. खालच्या घेराला 'स्कर्ट' म्हणतात. हा भाग तुलनेने थंड राहतो आणि बोअरला टेकून पिस्टनला सरळ चालवतो. फट मोजायची ती याच ठिकाणी.

शंभर सी.सी.च्या चार-स्ट्रोक गाडीला ही फट नवीन असताना साधारण दोन ते चार शतांश मिलिमीटर, म्हणजे ०.०२ ते ०.०४ ठेवतात. नेमका आकडा ज्या त्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत असतो, तोच खरा मानावा. माणसाच्या डोक्याचा केस सुमारे ०.०७ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे सगळा खेळ अर्ध्या केसाचा! फट कमी पडली तर पिस्टन फुगून बोअरला घासतो, तेलाचा थर फाटतो, ॲल्युमिनियम बोअरला चिकटते आणि इंजिन जाम होते. फट जास्त झाली तर थंड इंजिनात पिस्टन खडखडतो, रिंगा नीट टेकत नाहीत, गाडी तेल पिते, निळा धूर सोडते आणि चढाला दम तोडते.

'पन्नास साईज' म्हणजे नेमकी किती?

१९९४ साली आलेल्या हिरो होंडा स्प्लेंडरने खेड्यातली वाहतूक बदलून टाकली. त्या इंजिनाचा मूळ बोअर ५० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ४९.५ मिलिमीटर. बोअर झिजला की तो थोडा मोठा करून मोठा पिस्टन घालतात. हे पिस्टन पाव-पाव मिलिमीटरच्या टप्प्याने मिळतात : ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.००. गॅरेजच्या भाषेत पंचवीस, पन्नास, पंच्याहत्तर आणि शंभर साईज.

आता घाटातल्या गाडीचे काय झाले ते ऐका. मेढ्यातल्या एका जुन्या मिस्त्रींनी ब्लॉक उतरवला. पिस्टनच्या दोन्ही अंगांना वरपासून खालपर्यंत ओरखडे आणि बोअरवर चंदेरी पट्टे होते. त्यांनी दूधवाल्यांना एकच प्रश्न विचारला.

"बोअर मारायला गेलावता तवा पिस्टन संगं नेलावता का?"

"न्हाय. ते म्हणले, पन्नास साईज मारून ठेवतो, पिस्टन घ्या दुकानातनं."

मिस्त्रींनी बोअरचा न घासलेला भाग मोजला. ५०.५० भरला, अगदी बरोबर. मग दुकानातून त्याच कंपनीचा, त्याच साईजचा दुसरा नवा पिस्टन आणून मोजला. तो ५०.४९ भरला. फट उरली ०.०१. सपाट रस्त्यावर हळू चालवली असती तर कदाचित निभावले असते. ऐंशी लिटर दूध घेऊन घाट चढताना इंजिन तापले आणि तेवढी फटही संपली.

इथेच सगळी गोम आहे. 'पन्नास साईज' हे खोक्यावरचे नाव आहे, ते माप नव्हे. एका कंपनीचा पन्नास साईजचा पिस्टन ५०.४७ भरेल, दुसऱ्या कंपनीचा ५०.४९. बोअर मात्र एकच मारायचा असतो. म्हणून हातात पिस्टन घ्यावा, तो मोजावा, त्यात लागणारी फट मिळवावी आणि येईल त्या आकड्याला बोअर मारावा. आधी बोअर मारून मग पिस्टन शोधणे म्हणजे आधी मुंडावळ्या बांधून मग नवरी बघायला निघणे.

पिस्टन कुठे मोजायचा?

पिस्टन दिसतो गोल, पण तो गोल नसतो. गजन पिनच्या दिशेने तो थोडा चपटा असतो, कारण त्या बाजूला धातू जास्त असतो आणि तापल्यावर तिकडे तो जास्त फुगतो. म्हणून माप घ्यायचे ते पिनच्या आडव्या दिशेने, काटकोनात आणि स्कर्टच्या खालच्या कडेच्या थोडे वर. किती वर, ते पुस्तिकेत दिलेले असते. पुष्कळ छोट्या गाड्यांना ते कडेपासून दहा मिलिमीटर असते. पिनच्या दिशेने किंवा डोक्याजवळ मोजले तर आकडा लहान येतो. त्यावर बोअर मारला तर तो घट्ट होतो.

माप मायक्रोमीटरनेच घ्यावे. तो एका शतांश मिलिमीटरपर्यंत वाचता येतो. साधा व्हर्नियर दोन शतांशाच्या पुढे जात नाही आणि आपली फटच दोन-तीन शतांशांची. भाताचे पोते मोजायच्या काट्यावर सोने कुणी तोलत नाही. मूळ पिस्टनला २५ ते ५० चा मायक्रोमीटर चालतो, पण वाढीव साईजचा पिस्टन पन्नासच्या पुढे जातो. त्याला ५० ते ७५ चा लागतो. मोजण्याआधी मायक्रोमीटरचा शून्य तपासून घ्यावा. अलीकडे काही पिस्टनच्या स्कर्टवर काळा लेप असतो. तो खरवडू नये.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. पिस्टन आणि ब्लॉक दोन्ही सावलीत, सारख्या थंड झालेल्या अवस्थेत मोजावेत. बोअर मारल्या-मारल्या ब्लॉक गरम असतो. तो चाळीस अंशांनी जास्त तापलेला असेल तर बोअर दोन शतांशांनी मोठा भरतो. मशीनवर फट बरोबर दिसते आणि घरी येईपर्यंत ती आटून जाते. थोडा वेळ थांबा, चहा प्या, मग मोजा.

बोअरची सहा मापे

बोअर एकाच ठिकाणी झिजत नाही. स्फोटाचा जोर पिस्टनला पुढच्या-मागच्या भिंतीवर दाबतो, म्हणून तो अंडाकृती होतो. वरच्या भागात उष्णता जास्त आणि तेल कमी, म्हणून तो वर रुंद आणि खाली अरुंद होतो. त्यामुळे वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी माप घ्यावे. एकूण सहा आकडे. हे काम घड्याळासारख्या तबकडीच्या बोअर गेजने होते.

जुन्या बोअरमधला सर्वांत मोठा आकडा धरून झीज काढावी. मर्यादा ओलांडली नसेल तर नुसत्या रिंगा बदलून भागते. उगाच बोअर मारू नका. आपल्याकडे चारच साईज आहेत, प्रत्येक वेळी एक खर्ची पडते. नवा बोअर मारल्यावर मात्र सहाही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत आणि त्यातला सर्वांत लहान आकडा धरून फट काढावी.

मशीनवर शेवटचे दोन-तीन शतांश होनिंगसाठी राखतात. होनिंगच्या दगडाने बोअरमध्ये तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा पडतात. त्या रेघांत तेल धरून राहते. आरशासारखा चकचकीत बोअर दिसायला छान, पण त्यात तेल टिकत नाही.

पिस्टनची तयारी

खोक्यातून काढला आणि बसवला, असे करू नये. नवा पिस्टन नखाने सगळीकडून चाचपावा. कडेला बारीक बोचरी धार लागली तर अगदी बारीक पॉलिश पेपरने ती मारावी, स्कर्टला मात्र हात लावू नये. पिन तेल लावून हाताच्या दाबाने सरकायला हवी, हातोड्याने नव्हे.

नंतर रिंग. वरची रिंग एकटी बोअरमध्ये घालून पिस्टनच्या डोक्याने हळूच खाली ढकलावी म्हणजे ती सरळ बसते. मग तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने बघावी. जुना ठोकताळा असा की बोअरच्या दर इंचाला तीन ते चार हजारांश इंच. पन्नास मिलिमीटर म्हणजे साधारण दोन इंच, तेव्हा ही फट ०.१५ ते ०.२० मिलिमीटर येते. टोके एकमेकांना टेकत असतील तर तापल्यावर रिंग मोडते. अशा वेळी बारीक कानशीने टोक थोडे घासावे. रिंग खाचेत बोटाने फिरवून पाहावी, कुठे अडकता कामा नये. रिंगेवरचे अक्षर वरच्या बाजूला ठेवावे. तीन रिंगांची तोंडे एका रेषेत न आणता एकतृतीयांश वळसा अंतरावर ठेवावीत.

ब्लॉक रॉकेल-पेट्रोलने धुऊन भागत नाही. होनिंगच्या दगडाची भुकटी रेघांत बसते, ती गरम पाणी आणि साबणाच्या फेसाने ब्रश मारूनच निघते. धुऊन कोरडा केला की पांढरे फडके तेलात बुडवून बोअर पुसावा. फडक्यावर करडा डाग येतोय तोवर परत धुवावे. मग लगेच तेल लावावे, नाहीतर आपल्या पावसाळी हवेत तासाभरात गंज धरतो.

पिस्टनच्या डोक्यावर खूण असते. पुष्कळ गाड्यांत बाण सायलेन्सरच्या बाजूला ठेवतात. होंडा पद्धतीच्या पिस्टनवर 'इन' लिहिलेले असते, ती बाजू कार्बुरेटरकडे. पिनची लॉके दरवेळी नवीच घालावीत आणि लॉक बसवताना इंजिनाच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबावे. लॉक उडून आत पडले तर सगळे इंजिन फोडावे लागते.

जुनी राजदूत किंवा प्रिया स्कूटर (ती तर साताऱ्यातच, महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात होत असे) अजून कुणाकडे असेल तर ती टू-स्ट्रोक. तिच्या बोअरला खिडक्या असतात. रिंगेचे तोंड खिडकीत अडकू नये म्हणून खाचेत छोटी खुंटी बसवलेली असते. रिंग त्या खुंटीवर बरोबर बसली का ते पाहावे. बोअर मारल्यावर खिडक्यांच्या धारदार कडाही मारून घ्याव्यात. टू-स्ट्रोकचा पिस्टन जास्त तापतो, त्यामुळे त्याला फटही जास्त लागते. स्प्लेंडरचा आकडा तिथे लावू नये.

हेड घासले असेल तर

हेड वाकले म्हणून घासून घेतले असेल किंवा वेगळ्या बनावटीचा पिस्टन घातला असेल, तर आणखी एक फट बघावी लागते : पिस्टनचे डोके आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली. मुलांच्या खेळण्यातली मऊ माती पिस्टनच्या डोक्यावर व्हॉल्व्हच्या खाचांत बसवावी, गॅस्केट घालून हेड आवळावे, टायमिंग जुळवावे आणि इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे सावकाश फिरवावे. कुठे अडले तर जोर करू नये. मग हेड उघडून माती सुरीने कापावी आणि सर्वांत पातळ जागी जाडी बघावी. दीड ते दोन मिलिमीटर असेल तर काळजी नाही.

पहिले हजार किलोमीटर

माप बरोबर असले तरी नवा बोअर आणि नव्या रिंगा एकमेकांना सरावायला वेळ लागतो. नवा बैल पहिल्याच दिवशी कुणी नांगराला दिवसभर जुंपत नाही. पहिले पाचशे किलोमीटर लोड निम्मा ठेवावा, गाडी एकाच वेगाने रेटू नये, घाटात खालचा गियर टाकून सावकाश चढावे आणि मध्ये थांबून इंजिन निवू द्यावे. पाचशेला तेल बदलावे, हजाराला पुन्हा बघावे. ज्यांचा धंदाच गाडीवर आहे त्यांनी त्या आठवड्यासाठी दुसऱ्या गाडीची सोय आधी करून मगच इंजिन उघडावे.

पाण्याच्या इंजिनालाही हेच

विहिरीवर डिझेल इंजिन असणाऱ्यांनीही हे वाचून सोडून देऊ नये. किर्लोस्करच्या ५ अश्वशक्तीच्या एव्ही-१ इंजिनाचा बोअर ८० मिलिमीटर, धाव ११० मिलिमीटर. पिस्टन जेवढा मोठा, तेवढी फट मोठी. मोटारसायकलचा आकडा तिथे चालणार नाही, पण मोजायची रीत तीच. तिथे बहुधा लायनर बदलतात. नवा लायनर ब्लॉकमध्ये दाबून बसवल्यावर थोडा आवळला जाऊ शकतो, म्हणून बसवल्यानंतर पुन्हा मोजावा.

आपल्या भागाला इंजिन परके नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. १९२२ साली धनजीशा कूपर यांनी साताऱ्यात कारखाना काढला. दोन्हीकडे सुरुवात लोखंडी नांगराने झाली आणि पुढे दोन्ही नावे इंजिनांशी जोडली गेली. शतांश मिलिमीटरचे काम करणारे हात या दोन जिल्ह्यांत तेव्हापासून तयार होत आले आहेत. प्रश्न हातांचा नाही. मोजलेले माप कागदावर उतरत नाही, हा खरा प्रश्न आहे.

मापाची चिठ्ठी मागा

बांधाचा वाद मिटवायला आपण काय करतो? मोजणी आणतो, हद्द कायम करतो, नकाशावर सही घेतो. नुसत्या तोंडी सांगण्यावर कुणी बांध सरकवू देत नाही. मग इंजिनाचे काम तोंडी का? बोअर मारून घेताना बिलाच्या मागे तीन आकडे लिहून घ्या : पिस्टनचे माप, बोअरचे माप आणि दोघांतली फट. खाली तारीख आणि सही. मोजायला दहा मिनिटे लागतात. ज्याच्याकडे मोजायचे साधन आहे तो आनंदाने लिहून देईल. जो टाळेल, त्याच्याकडे गाडी ठेवायची की नाही ते तुम्हीच ठरवा.

ग्रामपंचायतीच्या पदाधिकाऱ्यांना एक सुचवावेसे वाटते. गावातल्या तरुणांसाठी गाडी-दुरुस्तीचे प्रशिक्षण ठेवता, तेव्हा पाने-पक्कड यांच्या जोडीला एक बोअर गेज आणि दोन मायक्रोमीटर यांचीही मागणी घाला. पेटी बाजारगावातल्या एका गॅरेजात सगळ्यांसाठी राहिली तरी चालेल.

दूधवाल्यांच्या गाडीचे पुढे काय झाले? पन्नास साईजचा बोअर ओरखड्यांनी गेला, म्हणून पंच्याहत्तर साईजचा पिस्टन घ्यावा लागला. या वेळी पिस्टन खिशात घालून ते स्वतः बोअर मारायला गेले. पिस्टन भरला ५०.७३, बोअर मारला ५०.७६. चिठ्ठीवर फट लिहिली ०.०३. आठ दिवस त्यांनी एकच कॅन नेला, दुसरा मेहुण्यांच्या गाडीवर. आता दोन्ही कॅन घेऊन घाट चढतात. नासलेल्या चाळीस लिटरचे पैसे मात्र त्यांनी अकरा घरांना पदरचे दिले. ती चिठ्ठी आता गाडीच्या कागदपत्रांत, विम्याच्या शेजारी ठेवलेली असते.

बोअर मारायला जाताना लक्षात ठेवा

१. आधी पिस्टन घ्या, मग बोअर मारा. पिस्टन सोबत न्या.
२. पिस्टन पिनच्या आडव्या दिशेने, स्कर्टच्या खालच्या भागात मोजा.
३. बोअर तीन ठिकाणी, दोन दिशांनी मोजा. सहा आकडे घ्या.
४. ब्लॉक आणि पिस्टन थंड झाल्यावरच माप घ्या.
५. फटीचा आकडा पुस्तिकेतला धरा, दुसऱ्या गाडीचा नव्हे.
६. रिंगेच्या टोकांची फट बोअरमध्ये घालून तपासा.
७. होनिंगनंतर ब्लॉक गरम पाणी व साबणाने धुवा, लगेच तेल लावा.
८. पिनची लॉके नवीनच घाला.
९. तीन आकडे आणि सही असलेली चिठ्ठी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.